आत्याचं मेमरी कार्ड भरलं, तेव्हा काय काय केलं

मेमरी कार्ड भरलं की आपल्याकडे पहिलं काय होतं, तर घरातलं कुणीतरी तरुण माणूस फोन हातात घेतं आणि डिलीट करायला बसतं. गुड मॉर्निंगचे फोटो उडव, डबल आलेले व्हिडिओ उडव, आणि मग एकदा हात बसला की "हे काय नुसतं रेकॉर्डिंग १४, रेकॉर्डिंग १५, चुकून बटण दाबलं गेलं असणार" म्हणत तेही उडव. हे बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो. मोठ्या माणसांच्या फोनमध्ये काय आहे ते आपल्याला माहीत नसतं आणि त्यांना फाइलच्या नावावरून सांगता येत नाही, मग कशाच्या जोरावर आपण उडवतो? कार्ड भरलं तर कार्ड बदलायचं. आणि ते नीट, सावकाश, एक सुट्टीची दुपार काढून बदलायचं, कारण दुकानात जाऊन नवीन कार्ड आणणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे.

आमची आत्या नारायण पेठेत राहते आणि गेली कित्येक वर्षं भजनी मंडळात जाते. तिचा फोन जुना आहे पण तिला तोच हवाय, त्यात ३२ जीबीचं कार्ड. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "अगं, रेकॉर्डिंग मधेच बंद पडतंय, गौळण अर्धीच आली." घराजवळच्या एका दुकानात दाखवलं तर तो म्हणाला फॉरमॅट मारून देतो, सगळं मोकळं होईल. नशीब ती म्हणाली आधी भाचीला विचारते.

त्या कार्डात काय होतं ते सांगते म्हणजे मी एवढी का घाबरले ते कळेल. त्यांच्या मंडळाला ज्या बाई शिकवायच्या त्या २०२१ मध्ये गेल्या. मंडळातल्या सगळ्या जणी बाईंकडून चाली शिकल्या, नोटेशन वगैरे कुणी कधी लिहिलं नाही, बाई पेटीवर म्हणून दाखवायच्या आणि ह्या मागून म्हणायच्या. अभंगाचे शब्द काय, गाथा उघडली की मिळतात, पण बाईंनी एखाद्या अभंगाला लावलेली चाल फक्त ह्या बायकांच्या गळ्यात आहे आणि आत्याच्या फोनमध्ये आहे. आत्याला सवयच होती, तालीम सुरू झाली की फोन पेटीच्या बाजूला ठेवायचा आणि रेकॉर्डरचं लाल बटण दाबायचं. नाव कधी दिलं नाही. त्यामुळे सगळं रेकॉर्डिंग १, २, ३ असं शंभराच्या वर गेलेलं.

आणि एक हिशोब आधी सांगते कारण त्याने डिलीट करण्यातली हवाच निघून जाते. फोनच्या रेकॉर्डरने तासभर भजन रेकॉर्ड केलं तर साधारण ५०-६० एमबी होतं. आणि फुल एचडीमध्ये एक मिनिट व्हिडिओ काढला तर १०० एमबीच्या वर सहज जातो! म्हणजे नातवाचा गॅदरिंगमधला चार-पाच मिनिटांचा नाच बाईंच्या आठ-दहा तासांच्या तालमीइतकी जागा खातो. रेकॉर्डिंग उडवून काहीही मोकळं होणार नसतं. (व्हिडिओ उडवा असंही मी म्हणत नाहीये, नातू नातू असतो.)

तर पहिलं काम, भरलंय काय ते बघायचं. सेटिंगमध्ये स्टोरेज उघडलं की फोनची मेमरी आणि एसडी कार्ड वेगवेगळं दिसतं. खूप लोकांचं कार्ड निम्मं रिकामं असतं आणि फोन भरलेला असतो, कारण व्हॉट्सअॅपचे फोटो, व्हिडिओ, व्हॉइस मेसेज सगळं फोनच्या आतल्या मेमरीत जातं, कार्डात जात नाही, आणि तसं सेटिंग पण त्यात नाहीये. अशा वेळी मोठं कार्ड आणून काही उपयोग नाही, आतला माल बाहेर काढावा लागतो. आत्याच्या बाबतीत दोन्ही भरलं होतं. कॅमेरा आणि रेकॉर्डर कार्डावर लावलेले, त्याने कार्ड भरलं, आणि व्हॉट्सअॅपने फोन भरला.

मग कार्ड घ्यायला तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तूंसाठी मला दुसरीकडे जावंसं वाटतच नाही. पण जायच्या आधी फोन किती जीबीपर्यंत कार्ड घेतो ते बघून जायचं. ह्यात गंमत अशी आहे की दिसायला सगळी मायक्रोएसडी कार्डं सारखीच असतात, १५ मिलीमीटर बाय ११, नखाएवढी, पण आतून पिढ्या वेगळ्या. २ जीबीपर्यंतची साधी एसडी, त्याच्या पुढे ३२ जीबीपर्यंत एसडीएचसी, आणि ३२ च्या वर २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी. कार्डावर बारीक अक्षरात एचसी किंवा एक्ससी लिहिलेलं असतं. जुना फोन फक्त एचसीवाला असेल तर ६४ चं कार्ड घालून तो "कार्ड खराब आहे" म्हणणार, कारण एक्ससी कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि ती त्या फोनला वाचता येत नाही. कार्ड बिचारं चांगलं असतं. आत्याचा फोन १२८ पर्यंत घेतो असं कंपनीच्या माहितीत होतं, म्हणून १२८ घेतलं.

स्पीडबद्दल दुकानात खूप काही सांगतात. गोलात १० लिहिलेलं म्हणजे कमीत कमी सेकंदाला १० एमबी लिहिण्याची हमी, यूच्या आत ३ म्हणजे ३० एमबी. ए१, ए२ असतं ते अॅप कार्डावरून चालवायची असतील तर. भजन रेकॉर्ड करायला आणि फोटो काढायला १० क्लास भरपूर झाला, त्यासाठी जास्त पैसे घालायची गरज नाही. पैसे घालायचे ते ओरिजिनल कार्ड मिळण्यासाठी घाला, बिल घ्या, आणि फारच स्वस्त मिळालं तर सरळ मागे फिरा.

कारण नकली कार्ड हा फार वाईट प्रकार आहे. आत खरी मेमरी ८ जीबीची असते आणि कार्डातला कंट्रोलर फोनला सांगतो की मी १२८ आहे. फोनचा विश्वास बसतो. तुम्ही फोटो टाकत राहता, पहिले ८ जीबी नीट जातात, त्याच्या पुढचं एकतर जातच नाही किंवा आधीच्याच्या डोक्यावर लिहिलं जातं, आणि यादीत सगळ्या फाइली दिसत राहतात. नाव दिसतं, साइज दिसते, उघडायला गेलं की काही नाही. कळतं तोपर्यंत सहा महिने गेलेले असतात आणि जुनं कार्ड आपण कुणालातरी देऊन टाकलेलं असतं. म्हणून नवीन कार्ड, मग ते कितीही चांगल्या दुकानातून आणलेलं असू दे, आधी तपासायचं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटंसं फुकट प्रोग्रॅम आहे, लिनक्सवाल्यांसाठी एफथ्री आहे. ते काय करतं तर पूर्ण कार्ड काठोकाठ भरतं आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून बघतं. वेळ लागतो हां. सेकंदाला २० एमबीने १२८ जीबी लिहायलाच पावणेदोन तास जातात आणि वर वाचायचा वेळ वेगळा. लावून द्यायचं आणि स्वयंपाक करून यायचं. माझ्या कार्डाला शेवटी "एकही चूक नाही" आलं तेव्हाच मी आत्याच्या कार्डाला हात लावला.

आत्याने मधेच लॅपटॉपमध्ये बघितलं आणि म्हणाली, "अगं १२८ कुठे, ११९ च दिसतायत, दुकानदाराने फसवलं की काय?" नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०७ कोटींच्या वर धरतो, त्या हिशोबाने १२८ चे ११९ होतात. तेवढेच दिसले म्हणजे बरोबर आहे. तिला हे दोनदा समजावून सांगितलं आणि तिने मग मंडळाच्या ग्रुपवर पण टाकलं.

आता खरं काम, जुन्यातलं नव्यात आणणं. इथे माझं मत एकदम पक्कं आहे, फोन केबलने लॅपटॉपला जोडून कॉपी करू नका. कार्ड बाहेर काढा आणि कार्ड रीडरमध्ये घाला. एकतर केबलने मोठी कॉपी मधेच अडकते, आणि दुसरं म्हणजे तारखा. फोनमधून केबलने किंवा फोनच्याच फाइल मॅनेजरने कॉपी केलं तर फाइलची तारीख कधी टिकते, कधी आजची लागते. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोला फरक पडत नाही, त्याची तारीख फोटोच्या आतच असते. पण "रेकॉर्डिंग ४७" ला तारीख गेली तर काय राहिलं? तारीख हीच त्याची ओळख. कार्ड रीडरमधून विंडोजवर साधं कॉपी-पेस्ट केलं की मॉडिफाइडची तारीख जशीच्या तशी येते. आणि कॉपीच करायचं, कट अजिबात नाही.

काढायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन कार्ड इजेक्ट करायचं किंवा सरळ फोन बंद करायचा. आत्याचा फोन हायब्रिड ट्रेवाला आहे, म्हणजे दुसऱ्या सिमच्या जागेतच कार्ड बसतं, पिन खुपसून ट्रे काढायचा. पंखा बंद करा आणि खाली मोठं ताट किंवा पांढरा रुमाल घ्या, कारण एवढंसं कार्ड फरशीवर पडून कपाटाखाली गेलं की संपलं.

मग मोठ्या एसडी कार्डाच्या आकाराच्या अडॅप्टरमध्ये हे छोटं कार्ड घातलं. त्या अडॅप्टरच्या डाव्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते बघा, शेजारी लॉक लिहिलेलं. ती खाली लॉकवर सरकवायची. बहुतेक रीडर ती मानतात आणि मग त्या कार्डावर काहीच लिहिता येत नाही, काही पुसता येत नाही, नुसतं वाचता येतं. ही एवढी चांगली सोय आहे आणि कुणी वापरत नाही! जुनं कार्ड कधीही लॅपटॉपला लावाल तेव्हा आधी ती पट्टी सरकवा. आणि विंडोजने "डिस्क फॉरमॅट करावी लागेल" असा डबा दाखवला तर मेहरबानी करून कॅन्सल दाबा. कार्ड खराब झालेलं असू शकतं, किंवा फोनने ते "इंटर्नल स्टोरेज" म्हणून घेतलेलं असू शकतं. अँड्रॉइड ६ पासून हे निघालंय, तसं केलं की कार्डातलं सगळं एन्क्रिप्ट होतं आणि त्या एका फोनशिवाय कुठेच वाचता येत नाही. तसं असेल तर कार्ड परत फोनमध्ये घालून तिथूनच माल बाहेर काढायचा.

आधी सगळं लॅपटॉपवर घेतलं, तिथून नव्या कार्डावर. म्हणजे आपोआप एक जादा कॉपी झाली. झाल्यावर दोन्हीकडे सगळी फोल्डर निवडून प्रॉपर्टीज बघायच्या, फाइलींचा आकडा सारखा आला पाहिजे आणि साइज बाइटपर्यंत सारखी आली पाहिजे. तिथे खाली "साइज ऑन डिस्क" म्हणून दुसरा आकडा असतो तो जुळणार नाही, दोन कार्डांचं फॉरमॅट वेगळं असतं म्हणून, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही, चार-पाच रेकॉर्डिंग मधूनमधून लावून ऐकायची, अगदी शेवटचं मिनिट पण.

नवीन कार्ड फोनमध्ये घातलं की फोन विचारतो कसं वापरायचं, तिथे पोर्टेबल निवडायचं. ह्याच्या नंतर दोन गोष्टी हमखास होतात आणि घरच्यांना वाटतं काहीतरी गेलं. एक म्हणजे कॅमेरा आणि रेकॉर्डर गुपचूप परत फोनच्या मेमरीवर जातात, त्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन परत एसडी कार्ड करावं लागतं. दुसरं, गाण्यांच्या प्लेलिस्ट रिकाम्या दिसतात. गाणी असतात, पण फोन प्रत्येक कार्डाला त्याच्या नंबरवरून ओळखतो आणि प्लेलिस्टमधला पत्ता जुन्या नंबरचा असतो. आत्याची "काकडा" नावाची प्लेलिस्ट होती, कार्तिकात पहाटे लावायची, ती रिकामी बघून तिचा चेहरा पडला. परत बनवून दिली, सगळं होतं जागच्या जागी.

हे झालं आणि मला वाटलं काम संपलं, तर आत्या म्हणाली "आणि लॉकडाऊनमधलं?" २०२० मध्ये मंडळ बंद होतं तेव्हा बाई रोज व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज टाकायच्या, एकेक कडवं, चालीत म्हणून. पेटी नाही, टाळ नाही, नुसता आवाज. ते कार्डात नव्हतंच! ते होतं फोनच्या आतल्या मेमरीत, आणि फोन भरला म्हणून त्या दुकानदाराने "क्लीन" केलं असतं तर पहिलं तेच गेलं असतं. व्हॉट्सअॅपच्या मीडिया फोल्डरमध्ये व्हॉइस नोट्स असं फोल्डर असतं (अँड्रॉइड ११ पासून ते आत अँड्रॉइड, मग मीडियाच्या पोटात गेलंय, जुन्या फोनला बाहेरच व्हॉट्सअॅप नावाचं फोल्डर दिसतं). त्यात आठवड्याची फोल्डर असतात, २०२०१७ म्हणजे २०२० चा सतरावा आठवडा, एप्रिलचा शेवट. आतल्या फाइलच्या नावात पूर्ण तारीख असते, आधी वर्ष मग महिना मग दिवस, त्यामुळे इथे कॉपी करताना तारीख बदलली तरी बिघडत नाही, नाव सांगतं. फाइली ओपस प्रकारच्या असतात, लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये वाजतात. सगळं फोल्डर उचललं, लॅपटॉपवर घेतलं आणि नव्या कार्डावर वेगळं ठेवलं.

मग आम्ही दोघी नावं द्यायला बसलो, आणि हे मला सगळ्यात आवडलं. मी तारीख वाचायची आणि आत्या सांगायची. "१२ जुलै २०१९." "आषाढी होती, विठोबाच्या देवळात, पाऊस एवढा की माइक बंद ठेवला होता." लावून बघितलं तर खरंच मागे पत्र्यावर पाऊस वाजतोय आणि बाई वरच्या पट्टीत म्हणतायत. "२३ जुलै २०१८." "ती पण आषाढीच, आदल्या वर्षीची." एका रेकॉर्डिंगमध्ये तर अर्धा तास नुसती तालीम आहे, बाई एकाच ओळीवर थांबवतायत, "अगं तिथे घाई नको, 'ना' वर रेंगाळ जरा," आणि सगळ्या परत म्हणतायत, परत थांबवतायत. हेच ते "चुकून दाबलं गेलं असणार" वालं रेकॉर्डिंग. मंडळात नव्याने आलेल्या दोघींना ती जागा अजून जमत नाहीये, आत्याने तेच आधी त्यांना पाठवलं. नावं आम्ही अशी दिली, पहिली तारीख, मग अभंग की गौळण की भारूड, मग पहिले दोन शब्द. तारीख वर्षापासून सुरू केली की यादी आपोआप ओळीत लागते.

काही फाइली आत्यालाही ओळखता आल्या नाहीत, पखवाज ऐकून ती म्हणाली हे कोथरूडच्या मंडळाबरोबर केलेलं असणार, पखवाजवाल्या काकांना विचारायला पाहिजे. त्या तशाच तारखेच्या नावाने ठेवल्यात.

जुन्या कार्डाचं काय करायचं हे आत्याने विचारलं, नातवाच्या फोनला घालू का म्हणाली. मी नाही म्हणलं. निदान वर्षभर तरी त्याला फॉरमॅट करायचं नाही आणि दुसऱ्या फोनमध्ये घालायचं नाही, अडॅप्टरसकट छोट्या डबीत, वर तारखेची चिठ्ठी लावून कपाटात. आणि तेच कायमचं बॅकअप असंही समजायचं नाही, कारण ह्या कार्डात माल विजेच्या भाराच्या रूपात साठवलेला असतो आणि वर्षानुवर्षं वापराविना पडून राहिलं की तो भार हळूहळू झिरपतो. म्हणून एक कॉपी माझ्या हार्ड डिस्कवर घेतली आणि एक पेन ड्राइव्हवर मंडळाच्या सेक्रेटरी बाईंकडे दिली, त्या कोथरूडला राहतात, म्हणजे नारायण पेठेतल्या घरात पाणी शिरलं तरी ती सुरक्षित. दर दिवाळीला हे तिन्ही उघडून थोडं थोडं ऐकायचं आणि वर्षभराचं नवीन त्यात भरायचं असं ठरलंय. पखवाजवाले काका गावाला गेलेत, ते आले की राहिलेल्या फाइली ऐकवायच्या आहेत.